डोंगराआडची रेंज

ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. रेशनची ई-केवायसीही नेटवरच होते. सरकारी कामे अशी मोबाइलवर आली, पण भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातल्या आणि वेल्ह्यात तोरण्याच्या आडोशाच्या वाड्यांवर रेंजचा भरवसा नाही. विरळ वस्तीत टॉवर परवडत नाही, असे कंपन्या सांगतात. हिशेब खोटा नाही. म्हणूनच २००२ पासून त्यांच्या समायोजित महसुलाचा ५ टक्के वाटा सार्वत्रिक सेवा निधीत जमा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यालाच ‘डिजिटल भारत निधी’ हे नाव दिले.

‘पैसे भरले, आता पुढचे सरकारने पाहावे’ हा युक्तिवादही अपुरा आहे. निधीतून टॉवर उभा राहील. पण धो धो पावसात वीज गेली की तो चालतो बॅटरीवर आणि डिझेलवर, आणि ती दोन्ही वेळेवर पोहोचवणे हे कंपनीचेच काम. स्पर्धकांनी एकच टॉवर वाटून घेतला, एकमेकांच्या ग्राहकांना रोमिंग दिले, तर खर्चही विभागतो. म्हणून परवान्याच्या अटींत टॉवरची संख्या नव्हे, तर भर पावसाळ्यात वाडीवर मिळणारी सेवा मोजली जावी, अशी आमची मागणी आहे.