डुकरं हाकलू नका, तपासा

2009 च्या ऑगस्टमध्ये आम्ही वॉर्डात ड्युटीवर होतो. 3 तारखेला पुण्यात 14 वर्षांची मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी. तोंडाला रुमाल बांधून बाया यायच्या आणि विचारायच्या, "सिस्टर, आमच्या वस्तीत डुकरं आहेत, आता कसं?" आज आम्ही मोझरीत घरोघरी फिरतो. तापाची साथ आली की अजूनही पहिलं बोट डुकरांकडे आणि ती पाळणाऱ्या घराकडे जातं.

भगिनींनो, हे बोट चुकीचं आहे. तो विषाणू मुळात डुकरांमधल्या विषाणूंच्या सरमिसळीतून झाला, हे खरं. पण आपल्याकडे तो विमानातल्या प्रवाशांबरोबर आला आणि माणसाच्या खोकल्यातून पसरला. नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही. उलट अनेक देशांत माणसांनीच तो डुकरांना दिला.

मग डुकरं तपासायची कशाला? कारण डुकराला माणसाचा फ्लू होतो, पक्ष्यांचाही होतो. दोन्ही एकाच वेळी झाले तर त्यातून तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. कळप खोकतो, खाणं कमी करतो आणि आठवड्याभरात बरा होतो. मालक डॉक्टर बोलावत नाही, विषाणू तसाच फिरत राहतो. म्हणून वराहपालन केंद्रांवर नियमित नमुने घ्यायला हवेत. काम अवघड नाही. नाकातला स्वॅब घ्यायचा, किंवा शेडमध्ये सुती दोरी टांगायची. डुकरं ती चघळतात, मग दोरी पिळून लाळ तपासायची.

अमेरिकेत मालकाचं नाव उघड न करता असा नमुना देता येतो. आम्हाला हीच गोष्ट मोलाची वाटते. नाव कळलं की कळप उचलून नेतील, गाव वाळीत टाकेल, ही भीती असेल तर आजार लपवलाच जाणार.

तुकडोजी महाराजांच्या या गावाला ग्रामसफाईचा वारसा आहे. पण सफाई म्हणजे गरिबाची डुकरं हाकलणं नव्हे. पशुसंवर्धन खात्याने कळप तपासावेत, निकाल आरोग्य केंद्राला कळवावा, आणि डुकरं पाळणाऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस मोफत द्यावी. ग्रामसभेत ही मागणी आपणच मांडू.

तोवर एवढं करा: तापात दम लागला, किंवा गरोदर बाईला, लहान लेकराला, दम्याच्या नाहीतर शुगरच्या माणसाला ताप-खोकला आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरी डुकरं असतील तर तेही डॉक्टरला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.