घर दोन तासांवर नाही

‘विमानाने दोन तास. मग एवढं काय लांब आहे?’ इथे शिकणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॅडेटने हे वाक्य कधी ना कधी ऐकले असेल. माझ्या मते हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि चार दिवसांची मिडटर्म सुट्टी त्याच्यावर विसंबून ठरत असेल तर तिचा पुन्हा विचार व्हायला हवा.

आधी विमानाचे पाहू. दिल्ली आणि पुणे या विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे १,१६० किलोमीटर, म्हणजे साधारण ६२५ नॉटिकल मैल आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले तर उत्तर दीड तासाच्या आत येते. तरी वेळापत्रकात दोन तासांहून जास्त वेळ असतो. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, हवाई मार्गाची वळणे हे सगळे त्यात येते. शिवाय लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. प्रवासी विमाने ती सुखोईंबरोबर वाटून घेतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके पडले की वेळापत्रकच कोलमडते.

पण कॅडेट काही विमानतळावर राहत नाही. माझे घर साताऱ्याचे. शाळेच्या गेटपासून दिल्ली विमानतळ बसने आठ तास. तिथे दोन तास आधी पोचायचे. विमानाचे सव्वादोन तास, सामान मिळायला अर्धा तास, लोहगावहून स्वारगेट एक तास, पुढे एसटीने तीन तास. बेरीज जवळजवळ १७ तास. जाऊन-येऊन ३४. चार दिवसांच्या ९६ तासांपैकी ६२ उरतात.

हे झाले तिकीट परवडणाऱ्यांचे. आमच्या लीव्ह पार्टीतली बरीच मुले रेल्वेने जातात. बस धरून त्यांना एका वेळेला ३८ तास लागतात, जाऊन-येऊन ७६. घरी उरतात २० तास. म्हणून ती जातच नाहीत. गेल्या मिडटर्मला मागे राहिलेल्या एका मित्राला आजोबांनी फोनवर विचारले, ‘सुट्टी आहे ना, मग येत का नाहीस?’ त्याने अभ्यासाचे कारण सांगितले. तिकिटाचे बोलला नाही.

माझी सूचना साधी आहे. ज्यांचे घर रेल्वेने एका दिवसापेक्षा लांब आहे, त्यांना वर्षातल्या दोन मिडटर्म जोडून एकदाच आठ दिवस घेण्याची मुभा द्यावी. मग रेल्वेने जाणाऱ्यालाही ११६ तास घरी मिळतील. दोन वेगळ्या सुट्ट्यांत मिळून त्याला ४० मिळतात.

वर्ग बुडतील, असे कोणी म्हणेल. बुडालेले चार दिवस दुसऱ्या मिडटर्मला प्रेपला बसून भरून काढता येतील. नाहीतरी तेव्हा ही मुले हॉस्टेलमध्येच असतात. सहावीतल्या लहानांना इतके दिवस थांबणे जड जाईल, हेही खरे. म्हणून सक्ती नको, निवड असावी.

मॅप रीडिंगमध्ये आपण शिकतो की मार्चचा वेळ नुसत्या अंतरावरून काढायचा नसतो; चढ, वाट आणि पाठीवरचे ओझेही धरायचे असते. सुट्टी ठरवतानाही ते धरले जावे, एवढीच विनंती.