खिशांतील पेढी

गेल्या सत्रांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर मला थांबवून विचारिलें, "सर, बचतीचें खातें उघडावयाचें आहे. शाखेंत जाऊं, कीं मोबाईलवरच उघडूं?" मीं त्यास त्या वेळीं अर्धवट उत्तर दिलें. प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं. आणि तो एकट्या त्या मुलाचा नसल्यामुळें येथें त्याचा थोडा विस्तारानें विचार करावा असें वाटतें.

हा प्रश्न विचारण्याचा त्याला अधिकार आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. रिझर्व्ह बँकेनें 2025 सालच्या एप्रिल महिन्यांत अज्ञान मुलांच्या खात्यांसंबंधीं जो आदेश काढिला, त्याप्रमाणें दहा वर्षें पुरीं झालेल्या मुलास स्वतः खातें उघडून चालविण्याची परवानगी बँकेस देतां येते. किती रकमेपर्यंत, व मोबाईलची सोय द्यावी कीं नाहीं, हें ज्या त्या बँकेनें आपल्या धोरणानुसार ठरवावयाचें आहे. शिलकेपेक्षां अधिक पैसे मात्र अशा खात्यांतून काढूं देतां येत नाहींत, आणि हें फार चांगलें आहे.

ॲपच्या खात्याचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. मी लहान असतांना मुंबईस नोकरीस असलेल्या चुलत्यांची मनिऑर्डर येई, आणि आजी दोन-दोन दिवस दारांत बसून पोस्टमनची वाट पाही. 2016 सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून तेंच काम पापणी लवते न लवते तोंच होतें. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या माणसाचा बँकेच्या रांगेंत जाणारा दिवस वांचतो. हा लाभ श्रीमंतापेक्षां गरिबास मोठा आहे. पैसा डब्यांत दडवून ठेवण्यापेक्षां हें सर्वथा बरें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील धन्यानें सुद्धां पैसा जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासास तो सावकाराकडे कां ठेविला नाहीं म्हणून खडसाविलें होतें!

शाखा डोळ्यांना दिसते म्हणून तेथें पैसा सुरक्षित, असें कित्येक पालक मानितात. तें खरें नव्हे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेस शाखा होत्या, तिजोऱ्या होत्या, ओळखीचे कारकून होते. तरी 2019 सालच्या सप्टेंबरांत रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातल्यावर ठेवीदारांस आरंभीं 1000 रुपयांपेक्षां अधिक रक्कम काढतां येईना. पैशास आधार इमारतीचा नसून परवान्याचा व विम्याचा असतो. 2020 सालच्या फेब्रुवारीपासून एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या 5 लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण आहे, मग तें खातें शाखेंत उघडलेलें असो वा मोबाईलवर. म्हणून ॲपविषयीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, ह्याच्यामागें परवाना असलेली बँक कोणती? कित्येक ॲप स्वतः बँक नसतातच. 2024 सालीं पेटीएम पेमेंट्स बँकेस 15 मार्चनंतर नव्या ठेवी घेण्यास मनाई झाली; पण त्याच नांवाचें ॲप दुसऱ्या बँकांच्या आधारानें पुढेंही चालू राहिलें. नांव एक, वस्तू दोन.

माझी खरी भीति ह्याहून निराळी आहे. आमच्या एका विद्यार्थ्याची आई चार घरचें काम करिते. तिचा पगार खात्यांत येतो, खातें मोबाईलमध्यें, व मोबाईल मुलाच्या हातांत. पिन त्यानेंच ठरविलेला. तीन महिन्यांत त्यांतील बरीच रक्कम मोबाईलवरील खेळांत गेली. बाई माझ्याकडे आल्या त्या पैशांसाठीं रडत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सर, खातें माझें, आणि किती उरले तें मला ह्याला विचारावें लागतें." मुलगा चोर नव्हता. वीस-तीस रुपये जातांना त्याला कोणी दिसलें नाहीं, कोणी थांबविलें नाहीं. बँकेच्या खिडकीपाशीं निदान कारकुनानें मान वर करून पाहिलें असतें. बाईंना वाचतां येत नाहीं. पण पासबुक त्यांनीं शेजारणीस, किंवा मंडळींतील कोणासही दाखवून वाचून घेतलें असतें. मोबाईल मात्र एकटा तो मुलगाच उघडीत होता.

कायदाही अशा वेळीं फारसा उपयोगी पडत नाहीं. 2017 सालीं रिझर्व्ह बँकेनें ठरविलें कीं, खातेदाराचा वा बँकेचा दोष नसतांना तिऱ्हाइताच्या लबाडीनें पैसे गेले व तीन कामाच्या दिवसांत खातेदारानें बँकेस कळविलें, तर त्याच्यावर भुर्दंड पडूं नये. पण गुप्त अंक आपणच दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंत गेलेला पैसा आपलाच गेला. मग तो दुसरा पोटचा मुलगा असो.

त्या नववीच्या विद्यार्थ्यास माझें उत्तर आतां असें आहे. खातें शाखेंत जाऊन उघड, पासबुक घे, आणि सहा महिने स्वतःच्या हातानें पैसे भर व काढ. रांगेंत उभें राहण्याचा कंटाळा येईल, येऊं दे. मग हवें तर ॲप घे, पण बचत यूपीआयला न जोडलेल्या खात्यांत राहूं दे. आणि पैसे मिळण्यासाठीं पिन घाल असें कोणी सांगितलें, तर तो लबाड आहे असें खुशाल समज; पैसे घेतांना पिन कधींच लागत नाहीं. फसवणूक झालीच तर बँकेस कळवून 1930 ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

पालकांस मात्र माझें थोडें अधिक सांगणें आहे. मुलानें तुमचें काम करून द्यावें ह्यांत वाईट कांहीं नाहीं. तुमची किल्ली त्याच्याजवळ असावी, हें वाईट. पिन चार किंवा सहा आंकड्यांचा असतो, आणि एस. टी. वरचे आंकडे तर न शिकलेल्या माणसासही ओळखतां येतात. त्या बाई आमच्या शिक्षकांच्या खोलींत बसून दुसऱ्याच प्रयत्नांत तें शिकल्या.

ज्या पालकांस आपला पिन स्वतः बदलावयाचा असेल, त्यांनीं कोणत्याही शनिवारीं शाळा सुटल्यावर मोबाईल व डेबिट कार्ड घेऊन मजकडे यावें. मुलास बरोबर आणूं नये. आणि नवा पिन मलाही सांगूं नये.