नाव वहीत, तरच संघ आपला

मंगळवारी ताडोब्याच्या कोअरमधली सफारी बंद असते. त्या दिवशी मोहर्लीचे गाईड, जिप्सीवाले आणि रिसॉर्टात कामाला जाणारी पोरे थोडी मोकळी असतात. मग दुपार कलली की गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बांबूचे खांब रोवून फुटबॉल सुरू होतो. सांज पडायच्या आत खेळ आटोपावा लागतो. अंधार पडला की ते मैदान आपले राहत नाही, रानातल्या जनावरांचे होते. तेवढ्या दीड-दोन तासांसाठी म्हातारी माणसे बांधावर येऊन बसतात, बाया डोक्यावरचा भारा खाली टेकवून घटकाभर उभ्या राहतात, शाळेतली पोरे ओरडून घसा बसवून घेतात. गावाच्या नावाचा संघ आहे आणि त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे.

या संघाला यंदा एक निरोप आला. एका रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने सांगितले, 'आम्ही तुम्हाला बूट देतो, जर्सी देतो, चार चेंडू देतो, बाहेरगावी सामना असला तर गाडीही देतो. फक्त संघाला आमच्या रिसॉर्टचे नाव लावा आणि सराव आमच्या हिरवळीवर करा, म्हणजे पाहुण्यांना बघायला बरे.' पोरे हरखली. का हरखू नयेत? अर्धा संघ अनवाणी खेळतो. फाटलेल्या चेंडूला सायकलच्या दुकानात टाके घालून आणणारी ही पोरे.

त्याच संध्याकाळी बचत गटाची बैठक होती. तिथे विषय निघाला. गटातल्या एका मावशीने पोरांना सरळ विचारले, 'पोट्टेहो, उद्या त्या रिसॉर्टचा मालक बदलला तं? त्यानं म्हटलं का मले नाई पायजे फुटबॉल, तं तुमचा संघ कोनाचा?' पोरे गप्प झाली. एकजण म्हणाला, 'मावशी, संघ तं गावाचाच राहीन ना.' मावशी म्हणाली, 'मंग दाखव, कोन्त्या वहीत लिवलं हाय?'

वाचकहो, हा प्रश्न एका खेड्यातल्या बाईने विचारला. मोठमोठ्या शहरांतल्या हजारो फुटबॉलवेड्यांना तो वेळेवर सुचला नाही आणि त्याची किंमत त्यांनी मोजली, म्हणून आज त्यावर लिहीत आहोत.

आपल्याच राज्यातले बघा. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा एकेकाळचा देशातला बलाढ्य संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग त्याने जिंकली होती. २०१० मध्ये कंपनीने ठरवले, आता मोठ्यांचा संघ नको, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ. संघ बंद झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. नारिंगी रंग अंगावर घेऊन तरुण पोरे बालेवाडीला जात, ढोल वाजवत. २०१९ मध्ये तो संघ गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. हैदराबादकरांनी त्या संघावर जीव लावला, २०२२ मध्ये विजेतेपदही बघितले. २०२५ मध्ये तोही नाव बदलून दिल्लीला गेला. मुंबई सिटी या संघाचा ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये एका परदेशी समूहाने घेतला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सोडला. घेताना कुणी प्रेक्षकांना विचारले नाही, सोडतानाही नाही.

यात कुणी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. संघ कंपनीचा, भाग मालकाचे, निर्णय मालकाचा. तिकीट घेतले म्हणजे बसायला जागा मिळते, मत मिळत नाही. वीस वर्षे टाळ्या वाजवल्या तरी टाळीची पावती कुणी देत नाही. दुखणे इथेच आहे.

पण जगात सगळीकडे लोक गप्प बसले नाहीत. कोलकात्याचा मोहन बागान हा १८८९ सालचा क्लब. १९११ मध्ये त्याच्या खेळाडूंनी, त्यातले बहुतेक अनवाणी, गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. २०२० मध्ये क्लबच्या फुटबॉलचा ८० टक्के हिस्सा एका उद्योगसमूहाकडे गेला आणि संघाच्या नावापुढे त्या समूहाच्या जुन्या संघाची 'एटीके' ही तीन अक्षरे बसली. समर्थक चिडले. तीन वर्षे त्यांनी एकच मागणी लावून धरली, ही अक्षरे काढा. फलक लावले, मोर्चे काढले, सामन्यांवर पाठ फिरवली. अखेर १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, संघाने लीग जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. हा लोकांचा विजय होता. मात्र नीट लक्षात घ्या, नाव परत मिळाले, मालकी मिळाली नाही. आणि त्या अक्षरांच्या जागी मालकांनी दुसरे आपल्या पसंतीचे शब्द जोडलेच.

याच्या पुढची पायरी इंग्लंडातल्या लोकांनी गाठली. लंडनमधले विम्बल्डन आपल्याला टेनिसमुळे ठाऊक आहे. तिथे एक जुना फुटबॉल क्लबही होता. त्याच्या मालकांना तो सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा होता. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने त्याला परवानगी दिली. पुण्याला जे पुढे झाले तेच तिथे आधी झाले. पण विम्बल्डनचे लोक रडत बसले नाहीत. काही आठवड्यांत त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. खेळाडू हवेत म्हणून सार्वजनिक माळावर चाचणी ठेवली, तर दोनशेहून अधिक जण आले. सुरुवात नवव्या पायरीवरच्या स्थानिक लीगपासून केली. नऊ वर्षांत, २०११ मध्ये, तो संघ वरच्या चार विभागांच्या मुख्य लीगमध्ये पोचला. २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनवर, स्वतःचे मैदान उभे राहिले. मैदानाला पैसे कमी पडले तेव्हा बाहेरचा मोठा धनको आणण्याऐवजी समर्थकांनीच रोख्यांतून पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम क्लबला कर्जाऊ दिली. कारण साधे होते. धनको आला असता तर मत त्याच्या हाती गेले असते. त्या क्लबचा ताबा आजही समर्थकांच्या संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत आहे.

जर्मनीत तर हा नियमच आहे. १९९८ मध्ये तिथल्या क्लबांना कंपनी काढायची मुभा मिळाली, पण अट अशी घातली की निम्म्यापेक्षा एक मत जास्त हे क्लबच्या सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे. कारखान्यांनी जन्माला घातलेले एक-दोन संघ अपवाद. पैसेवाल्याने पैसा जरूर घालावा, पण शेवटचा शब्द वर्गणीदारांचा. आणि नियम आहे म्हणून लोक झोपून राहत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये लीगच्या प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला काही वाटा वीस वर्षांसाठी बाहेरच्या गुंतवणूकदाराला देण्याचे ठरले, तेव्हा समर्थकांनी सामने चालू असताना मैदानात टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकली. दगड नाही, बाटली नाही. सामने पुन्हा पुन्हा थांबू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो सौदा सोडून दिला.

'एका सभासदाला एक मत' हे शब्द आपल्या वाचकांना नवे नाहीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात आपण एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखे मूल्य देत आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात हे मूल्य नाकारले जाणार आहे. कंपनीत ज्याचे भाग शंभर त्याची मते शंभर. सभासदांच्या संस्थेत शंभर रुपये देणाऱ्याचे मत एक आणि दहा रुपये देणाऱ्याचेही एक. खेळाचे मैदान ही लहान जागा आहे हे खरे. पण माणूस लहान जागीच शिकतो.

हे सगळे परदेशी, आपल्याकडे कुठे जमते, असे कुणी म्हणेल. त्याने कोल्हापूरला जाऊन बघावे. तिथे फुटबॉल कंपन्यांचा नाही, तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमी, त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेल्या पेठांतल्या लोकांनी हे संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर सामना असला की हजारोंची गर्दी उसळते. देणगीदार येतात, पुढारी येतात, जातात. पण पाटाकडील तालीम उचलून कुणी हैदराबादला नेईल काय? नेणारच नाही, कारण ती तिथल्या माणसांत रुजलेली आहे. दुसरी बाजूही सांगतो. तिथे समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या आहेत, त्यापायी सामने बंद पडले आहेत. संघ आपला म्हणजे समोरचा वैरी, असे होऊ लागले तर त्या मालकीचा काय उपयोग?

आणि फुटबॉल हा आपला खेळ नव्हे असेही कुणी समजू नये. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती फुटबॉल देऊन स्लम सॉकरची सुरुवात केली. त्यावरून नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला, तो आपल्यापैकी अनेकांनी बघितला आहे.

आता मोहर्लीकडे वळू. मावशींच्या गटाला जे जमते ते पोरांना का जमू नये? गटाची रीत काय आहे? दरमहा ठरलेली वर्गणी, प्रत्येकीचे नाव वहीत, बँकेच्या पुस्तकावर दोघींच्या सह्या, ठराव सगळ्यांसमोर, हिशेब वाचून दाखवायचा. अध्यक्ष आवडली नाही तर बदलायची. संघाला याहून वेगळे काही लागत नाही. कमीत कमी सात जण एकत्र आले की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते आणि आपल्या राज्यात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, चंद्रपूरला. घटना लिहावी लागते, सभा घ्यावी लागते, दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. कटकट आहे, नाही असे नाही. पण संघ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर असते.

घटना लिहिताना तीन गोष्टी विसरू नयेत, असे आम्हाला वाटते. एक, संघाचे नाव, रंग आणि सरावाची जागा सभासदांच्या सभेत ठराव झाल्याशिवाय बदलता येणार नाही, हे स्पष्ट लिहावे. दोन, देणगी कितीही मोठी असो, देणगीदाराला पावती मिळेल, आभार मिळतील, जादा मत मिळणार नाही. तीन, सभासद फक्त खेळणारे नसावेत. बांधावर बसणारे म्हातारे, भारा टेकवून उभ्या राहणाऱ्या बाया, शेजारच्या वस्तीवरचे आदिवासी बांधव, सगळ्यांची नावे वहीत यावीत. मुलींनाही मैदानात घ्यावे. जिचे नाव वहीत आहे तिला 'तू काहून आली?' असे कोणी विचारू शकत नाही.

मदत घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. अनवाणी खेळणाऱ्या पोराला बूट मिळत असतील तर जरूर घ्यावेत. रिसॉर्ट आपल्याच रानाच्या जिवावर चालते, त्याने गावच्या पोरांसाठी चार पैसे खर्च केले तर त्यात उपकार कसले? पण बूट पायात घालायचे असतात, त्यांच्या बदल्यात नाव काढून द्यायचे नसते. आणि वर्गणीवर सगळा खर्च भागणार नाही, हेही खरे. पहिल्या वर्षी कदाचित दोनच चेंडू येतील. येऊ द्या. ते दोन चेंडू कुणी परत मागणार नाही.

गेल्या मंगळवारी खेळ संपल्यावर पोरे मैदानातच बसली. शंभर पानी वही आणली होती. महिना वीस रुपये ठरले. पहिले नाव कोणाचे लिहायचे यावर थोडा वाद झाला, मग मावशींचे लिहिले. त्यांनी कनवटीची नोट काढून दिली आणि म्हणाल्या, 'पावती दे बापू, तशी नाई घेत मी.' पावती पुस्तक अजून यायचे आहे, म्हणून पोराने वहीचा कोपरा फाडून सही करून दिली.

रिसॉर्टला पत्र गेले आहे. मदतीबद्दल आभार, जर्सीच्या पाठीवर आपले नाव छापू, संघाचे नाव मात्र मोहर्लीच राहील, सराव गावच्या मैदानावरच होईल. उत्तर अजून आलेले नाही. होकार आला तर बरेच आहे. नकार आला तरी येत्या मंगळवारी चार वाजता खेळ आहे. ज्यांची नावे अजून लिहायची राहिली आहेत त्यांनी थोडे आधी यावे.