राग यंत्राने उतरतो काय?

मागल्या महिन्यात आम्ही लोणीला पाहुण्यांकडे गेलो होतो. जेवणे आटोपल्यावर घरची ताई हळूच म्हणाली, "दादा, यांची चिडचिड आता सोसवत नाही. ताट भिरकावतात, परवा हात उगारला. डोक्याला मशीन लावली की राग जातो म्हणे. दोन शेळ्या विकून पुण्याला नेऊ का?"

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण शेळ्यांचा प्रश्न आला म्हणून माहिती काढली.

यंत्र खरे आहे. १९८५ साली इंग्लंडात शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी ते प्रथम करून दाखविले. डोक्याशी तारेचे वेटोळे धरतात. त्यातून चुंबकीय ठोके मेंदूच्या ठराविक भागाला पोचतात. चिरफाड नाही, भूल नाही, माणूस खुर्चीत जागा असतो. लोक ज्याला 'शॉक' म्हणतात तो हा नव्हे. (शॉकसुद्धा भूल न देता द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही.) औषधाने न हटणाऱ्या उदासीनतेसाठी अमेरिकेत याला २००८ साली मान्यता मिळाली. आठवड्याचे पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावे लागते. म्हणजे लोणी-पुणे रोजची खेप, आणि बुडालेली मजुरी वेगळीच! डोके दुखते, क्वचित फिटही येते. डोक्यात धातूचा तुकडा असेल तर डॉक्टरला आधी सांगावे.

पण नुसत्या चिडचिडीवर? त्याचे प्रयोग अजून चालू आहेत. खात्रीचा इलाज म्हणून कुणी पैसे मागत असेल तर शेळ्या विकू नयेत.

ताप जशी रोगाची खूण, तशी पुष्कळदा चिडचिडही. मागे थायरॉईड असेल, साखर असेल, दारू असेल, मनाची उदासीनता असेल. ताईला विचारले, झोप कशी आहे? तर शेताला वीज रात्रीची. बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पंपावर जागायचे, दिवसा पुन्हा रोजंदारी. सहा महिने जेवणावर वासना नाही. हे कुठल्याच डॉक्टरला सांगितलेले नव्हते!

भाऊंशी बोललो. "मला वेडा ठरवता काय?" म्हणून उसळले, मग बराच वेळ गप्प. आजार असला तरी बायकोपोरांवर हात उगारायची मुभा मिळत नाही, हेही तोंडावर सांगितले. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येते. तो त्यांच्यासमोरच लावून दिला.

पुढल्या आठवड्यात मंचरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला जायचे ठरले आहे. आम्ही रजा टाकली आहे.