धान, निर्यात-जकात आणि खोटे बिल

आपल्या कुरखेड्याच्या धानाचा आणि बंदरावरील जकातीचा काय संबंध, असे पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटते. तो संबंध २०२३ साली उघड झाला. त्या वर्षी २० जुलै रोजी सरकारने बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि २५ ऑगस्टपासून उकड्या तांदळावर शेकडा २० निर्यात-जकात बसविली. बंदी २०२४ च्या सप्टेंबरात व जकात ऑक्टोबरात उठली. परंतु मधल्या काळाचा धडा विसरण्याजोगा नाही.

बंदी येताच पांढरा तांदूळ उकडा म्हणून लिहून पाठविण्याची युक्ती निघाली. दुसरी युक्ती किंमत कमी लिहिण्याची. समजा, उकड्या तांदळाच्या टनाची खरी किंमत ४०,००० रुपये असता बिलात ३०,००० लिहिली. तर टनामागे २,००० रुपये जकात बुडते, आणि बिलाबाहेरचे १०,००० रुपये परदेशातच राहून हवाल्याच्या वाटेने गुप्तपणे फिरतात.

हे रोखणे सीमाशुल्क खात्याचे काम. नमुना काढून माल बिलाप्रमाणे आहे की नाही हे पाहणे आणि लिहिलेली किंमत बाजारभावाशी ताडणे, हे ते खाते करते. मालाचा पैसा परदेशातून बँकेत आला की नाही, याचा मेळ रिझर्व्ह बँकेच्या नोंदींतून लागतो. बांधावर न जाता पीकपाहणी लिहिली तर सातबारा खोटा ठरतो, हे मी महसुली दप्तरात पुष्कळ वर्षे पाहिले आहे. बंदरावरही तोच न्याय लागू आहे.

कोणी म्हणतील, जकातच अन्यायाची, मग ती चुकविण्यात पाप कोणते? जकातीने धानाचे भाव दबतात ही तक्रार रास्त आहे. ती अर्जाने व संघाच्या ठरावाने सरकारपुढे मांडावी. परंतु खोट्या बिलाच्या नफ्यातील एक पैही धान पिकविणाऱ्याच्या पदरात पडत नाही. उलट, खरे बिल करणारा व्यापारी अशा स्पर्धेत टिकत नाही, आणि आपल्या मालाचे एक चांगले गिऱ्हाईक कमी होते.

सबब तपासणी कडक असावी, पण जलदही असावी. प्रामाणिक व्यापाऱ्याचा माल विनाकारण अडकून पडू नये. आपणही धान विकताना खरे वजन व पक्की पावती यांचा आग्रह धरावा. शेतापासून बंदरापर्यंतचा कागद खरा असेल, तरच तपासणाऱ्यास खोटे ओळखता येईल.