भांडायला तरी माणूस ठेवा

माननीय अध्यक्ष महोदय,



मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुमच्या बँकेच्या कराडमधल्या शाखेत माझी पेन्शन जमा होते. पितळी टोकन हातात घेऊन बाकावर बसावं लागायचं, तेव्हापासूनची मी खातेदार. बँकेचं नाव मुद्दामच लिहीत नाही. शेजारच्या बँकेतही काही वेगळं चाललंय असं नाही.

झालं ते असं. तुमच्या एटीएमनं माझ्या खात्यातून पाच हजार वळते केले, बराच वेळ घरघर केली आणि नोटा काही दिल्या नाहीत. पावतीचा कागद संपलेला. मोबाइलवर मात्र लगेच मेसेज, पैसे काढले म्हणून. यंत्र आहे, अडकतं कधीतरी. एवढ्यावरून मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं.

शाखेत गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, एटीएमचं आमच्याकडे काही नसतं, हेल्पलाइनला फोन करा.’ हेल्पलाइनवर ध्वनिमुद्रित बाई. (हे आवाज नेहमी बायकांचेच का असतात? लोकांचं ऐकून घ्यायला बाईच लागते बहुतेक.) ती हे दाबा, ते दाबा सांगत राहिली आणि शेवटी मला पहिल्या यादीवर आणून सोडलं. मग भाचीनं अ‍ॅपमधल्या चॅटबॉटला लिहून दिलं. त्याचं उत्तर आलं, ‘आपला व्यवहार यशस्वी झाला आहे.’ पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. कसाबसा तक्रार क्रमांक मिळाला, आणि थोड्या दिवसांनी मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

पाच हजार गेल्याचं दुःख आहेच, पेन्शनीतले आहेत. पण मला लागलं ते वेगळंच. मी खोटं बोलते आहे असं कुणीतरी ठरवून टाकलं, आणि ते कोणी ठरवलं हे विचारायला समोर कुणी नाही.

जुन्या कर्मचाऱ्यांची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी साडेतीनपर्यंत खिडकीत लटकलेली मी पाहिली आहे. तुमच्या एका कॅशियरशी फाटक्या नोटेवरून माझं असं कडाक्याचं भांडण झालं होतं की मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले होते. पण मनगट मोडलं आणि माझी सही जुळेना, तेव्हा त्याच कॅशियरनं मला समोर बसवलं, नव्यानं नमुना सह्या घेतल्या, कागदावर स्वतःची सही ठोकली आणि पैसे मोजून दिले. त्यानं नियम मोडला नाही, माझं प्रकरण नियमात बसवलं. चूक झाली असती तर ती त्याच्या अंगावर आली असती, हे माहीत असूनही. तुमच्या बॉटच्या अंगावर काय येतं?

बरं, माझी तक्रार तपासणं काही अवघड आहे का? प्रत्येक व्यवहाराची नोंद मशीनमध्ये राहते, तुम्ही लोक तिला ईजे म्हणता. रोकड मोजली की हिशेबापेक्षा पाच हजार जास्त निघणार. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक तुम्हाला मी सांगावं असं नाही. पैसे कापले आणि नोटा आल्या नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा करायचे, पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही खातेदारानं न मागता. इतकी यंत्रं आणलीत, पण एवढं आपणहून करणारं त्यांत एकही नाही. पैसे कापायचं काम मात्र एकदाही चुकत नाही.

आता तुमच्या शाखेतलं एक दृश्य. चार खिडक्यांपैकी तीन बंद. पासबुक भरायच्या मशीनपाशी एक कंत्राटी पोरगा उभा असतो. बारकोडचा स्टिकर झिजला की मशीन पासबुक बाहेर फेकतं आणि हा बाहीनं पुसून ते पुन्हा आत सरकवतो. शेजारच्या एटीएमपाशी त्याला म्हाताऱ्या बायका गाठतात. ‘बाळा, एवढे दोन हजार काढून दे.’ तो म्हणतो, ‘मावशी, पिन सांगा.’ मावशी खणखणीत आवाजात पिन सांगतात. वर भिंतीवर तुमचं पोस्टर आहे, पिन कुणालाही सांगू नका. माणूस कमी केलात म्हणता, पण मागच्या दारानं निम्म्या पगारावर माणूसच आणलात, आणि जोखीम टाकलीत मावशींवर. त्या पोरावर माझा राग नाही. दिवसभर तिथं तोच एक उपयोगाचा आहे.

माणसाच्या जागी यंत्र बसवणं फक्त आपल्याकडंच चाललंय असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या कॉमनवेल्थ बँकेनं २०२५ मध्ये फोन घ्यायला बोलणारा बॉट बसवला आणि ४५ जणांच्या जागा जाणार असं जाहीर केलं. कर्मचारी संघटना म्हणाली, फोन कमी झालेले नाहीत, उलट वाढलेत. ऑगस्टमध्ये बँकेनं माफी मागून निर्णय मागं घेतला. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीनं तर लवादापुढं असा पवित्रा घेतला की बॉट जे बोलला त्याला बॉटच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादानं तो साफ धुडकावला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. वाचून मला हसू आलं, मग तुमचे ते तारे आठवले.

तुमची यंत्रं काढा असं मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात जाताना याच एटीएमनं मला पैसे दिले आहेत. माझं मागणं एवढंच, की प्रत्येक शाखेत एक खुर्ची अशी ठेवा, जिच्यावर बसलेल्याला यंत्राचं म्हणणं फिरवायचा अधिकार असेल. बाहेर त्याच्या नावाची पाटी लावा. तो खेकसला तरी चालेल, मला उलट खेकसता येतं. आणि कंत्राटी असेल तर त्याला आधी कायम करा.

तोवर माझे पाच हजार आणि त्यावर दिवसाला शंभर रुपयांप्रमाणे होतील ते, खात्यात जमा करा. जमा करणार नसाल तर का नाही, ते कागदावर लिहून, खाली कुणाची तरी सही घेऊन पाठवा. मला ते रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडच्या तक्रारीला जोडायचं आहे.

आपल्या शाखेची एक खातेदार,
कराड